आधी माफी, मग सुट्ट्यांचं बोलणं

(पत्र थोडक्यात: हिंजवडीत टीम लीड आहे. रिलीज लांबला म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्या दिवशी आमच्या कामाच्या मावशींनी न सांगता खाडा केला. त्या परत आल्यावर मी ओरडले, "फुकटचा पगार घ्यायला बरं जमतं!" माझा 7 वर्षांचा मुलगा समोर होता. मावशींच्या नातीला ताप होता, हे नंतर वॉचमनकडून कळलं. आता मावशी येतात, काम करतात, पण बोलत नाहीत. नवरा म्हणतो, माफी मागितलीस तर डोक्यावर बसतील. काय करू? – बेचैन, कोथरूड)

प्रिय बेचैन,

माग माफी. उद्या सकाळीच माग. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. ज्या बाईच्या हाती इतकी वर्षं घराची किल्ली सोपवलीस, ती तुझ्या एका 'चुकलं'ने डोक्यावर बसेल?

"मावशी, त्या दिवशी मी बोलले ते फार चुकलं." एवढंच म्हण. साहेब, रिलीज, ट्रॅफिक यांतलं काही मागून जोडू नकोस, नाहीतर मावशींवर तुझीच समजूत काढायची वेळ येईल. आणि मुलगा घरात असताना बोल. ओरडणं त्याने ऐकलंय, हेही ऐकू दे.

त्या बहुतेक "असू द्या ताई" म्हणतील. त्याला क्षमा समजू नकोस. चार घरची कामं करून ज्यांची चूल पेटते, त्यांना दुसरं काही म्हणण्याची सोय नसते.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो." तिथे मी अडखळले, कारण त्याच पानावर तू ओघात लिहिलंयस की त्यांचा कप खिडकीत वेगळा असतो. आणि सुट्टीचं काय? तुझ्या रजा कंपनीच्या पोर्टलवर दिसतात. ताप आला तर एक मेल टाकून तू झोपू शकतेस. मावशींची रजा मात्र तुझा आदला दिवस कसा गेला यावर ठरते. त्यांनी न सांगता खाडा का केला, याचं उत्तर मला इथेच दिसतं. विचारलं की काय ऐकावं लागेल, ते त्यांना ठाऊक होतं.

1980 साली पुण्यातल्याच मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ, हक्काची सुट्टी, चांगली वागणूक यांसाठी. दिवाळीचा बोनस आज आपण मोठ्या मनाने देतो असं आपल्याला वाटतं, पण तो या बायकांनी झगडून मिळवलाय. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात 2008 साली झाला. मावशींची तिथे नोंदणी आहे का, विचार. नसेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर जा आणि लागेल तो दाखला स्वतःच्या सहीने दे.

म्हणून माफीनंतर दोन-चार दिवसांनी त्यांच्याशी नीट बसून बोल, त्यांना खुर्चीवर बसवून. महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या किती, आजारपणाच्या वेगळ्या किती, पगार दरवर्षी कधी वाढणार, दिवाळीला किती, हे सगळं ठरव आणि कॅलेंडरवर लिही. तू चिडलेली असलीस तरी ते बदलणार नाही, एवढी खात्री त्यांना दे. तो खिडकीतला कपही बाकीच्या कपांत ठेव.

साहेबांचं म्हणशील तर त्यांना एकट्यात गाठ. "चूक जरूर दाखवा, पण टीमसमोर झापू नका," असं स्पष्ट सांग, आणि तरी चालूच राहिलं तर एचआरला लेखी कळव. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, हे तुझं तुला कळलंयच. फक्त, तूही टीम लीड आहेस. त्या आठवड्यात हाताखालच्या पोरांशी कशी बोललीस, ते पत्रात कुठेच नाही. आठवून बघ. तिथेही कुणाला 'चुकलं' म्हणायचं राहिलं असेल.

मावशी लगेच पूर्वीसारख्या बोलतील असं नाही. त्यांच्या मागे लागू नकोस. नातीचा ताप उतरला का, एवढं मात्र उद्याच विचार.