चाकू बनवण्यासाठी बेल्ट ग्राइंडरला किती इंची कॉन्टॅक्ट व्हील घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडच्या एका फॅब्रिकेटरकडून २ बाय ७२ इंची पट्ट्याचा ग्राइंडर बनवून घेताय. ३ मिमी जाडीच्या ईएन ३१ पोलादाच्या पट्टीतून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि ट्रेकला न्यायचा एखादा छोटा चाकू करायचाय. पैसे एकाच कॉन्टॅक्ट व्हीलचे (ज्या रबरी चाकावरून फिरणाऱ्या पट्ट्यावर पातं टेकवून घासतात त्याचे) आहेत आणि व्यास ८, १० की १२ इंच, इथे गाडी अडलीय.

१० इंची घ्या. पण त्याच्याही आधी प्लॅटनची, म्हणजे पट्ट्यामागे आधाराला असते ती सपाट पट्टी नीट करून घ्या, कारण सुऱ्यांचं बहुतेक काम तिच्यावरच होणार आहे.

कॉन्टॅक्ट व्हीलवर पातं घासलं की त्याच्या दोन्ही अंगांना चाकाच्या गोलाईचा खोलगट उतार पडतो, तोच हॉलो ग्राइंड. चाक जितकं लहान तितका खोलगा जास्त. एवढं सगळेच सांगतात. पण हा खोलगा पोटात किती जातो, याचा हिशेब फारसं कोणी मांडत नाही आणि नवशिक्याचं पातं नेमकं तिथेच वाया जातं. माझंही गेलं. साकीनाक्याच्या गाळ्यात मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे ८ इंची व्हील होतं आणि पट्टी तुमच्यासारखीच ३ मिमीची. उतार २२ मिमी उंच घेतला. सुरी दिसायला सुरेख झाली, कागद सरसर कापायची. मे महिन्यात आत्याने त्या सुरीने लोणच्याच्या कैऱ्या चिरायला घेतल्या. दुसऱ्याच कैरीच्या कोयीवर धारेचा चंद्रकोरीसारखा तुकडा उडाला. नशीब, डोळ्यात गेला नाही. मी पाणी पाजण्यात (पातं तापवून, बुडवून कडक करण्यात) चूक शोधत बसलो. नंतर आकडे मांडले तेव्हा कळलं: धार लावण्याआधी कडेला मी ०.४ मिमी जाडी ठेवली होती, पण तिच्या ५ मिमी वर पातं जेमतेम ०.१५ मिमी उरलं होतं. म्हणजे धारेपेक्षा धारेच्या मागचा भागच पातळ. कितीही चांगलं पोलाद असलं तरी अशा ठिकाणी टिकणार नाही.

म्हणून एक साधा हिशेब वहीत लिहून ठेवा. पट्टीच्या जाडीतून कडेला ठेवायची जाडी वजा करा, त्याला चाकाच्या त्रिज्येने गुणा आणि वर्गमूळ काढा. सगळं मिलिमीटरमध्ये. येईल ती उताराची जास्तीत जास्त उंची. तोवर सर्वांत पातळ जागा धारेचीच राहते, त्याच्या पुढे गेलात की मागे कंबर पडते. तुमच्या पट्टीला कडेला ०.४ धरलं तर ८ इंची चाकावर सुमारे १६ मिमी, १० इंचीवर १८, १२ इंचीवर २० आणि १४ इंचीवर साधारण २१.५ मिमी येतात. बघा, ८ वरून १४ वर गेलात तरी हाती पडतात पाच-साडेपाच मिमी! त्यामानाने चाकाची किंमत आणि वजन मात्र भरपूर वाढतं, शिवाय ७२ इंची पट्ट्याचा मोठा भाग ते चाकच खातं. १२ च्या वर जायचं असेल तर पट्टा ताणून धरणारा टेन्शनचा दांडा तेवढा मागेपुढे होतो का, हे फॅब्रिकेटरला आधीच विचारावं लागतं. उलट पट्टी ५ मिमीची घेतली तर त्याच १० इंची चाकावर २४ मिमीपर्यंत जाता येतं. म्हणजे चाक मोठं करण्यापेक्षा जाडी बदलणं जास्त उपयोगाचं.

ट्रेकच्या चाकूला १६-१८ मिमीचा उतार पुरतो, म्हणून १० इंची. या चाकाचा आणखी एक फायदा आहे: एकदा खोलगा पडला की पुढच्या फेरीत पातं आपोआप त्यातच बसतं, हाताला जागा सापडते. सपाट प्लॅटनवर ते शिकायला वेळ लागतो.

सुऱ्यांचं गणित वेगळं. ४०-४५ मिमी उंच पात्याला पूर्ण उंचीचा खोलगा या कुठल्याच चाकावर जमणार नाही. खालच्या भागातच घेतलात तर उतार संपतो तिथे खांदा राहतो, आणि लाल भोपळा किंवा रताळं चिरताना सुरी तिथे अडते. भाजीच्या सुरीला पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरणारा फ्लॅट ग्राइंडच हवा. आमच्या घरी आता अशाच सुऱ्या आहेत, विळी फक्त नारळ खवायला निघते.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं. पट्ट्याचा वेग ठरवते मोटरवरची ड्राइव्ह चकती. ४ इंची चकती आणि मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर असेल तर पट्टा सेकंदाला सुमारे ७.७ मीटर जातो, २८८० ची असेल तर १५ च्या वर. काही जण पैसे वाचवायला कॉन्टॅक्ट व्हील सरळ मोटरच्या शाफ्टवर बसवतात. १० इंची चाक २८८० वर असं बसवलं की वेग ३८ मीटरवर जातो. हे कृपा करून करू नका. रबर सुटून अंगावर येऊ शकतं. घरी सिंगल फेज असेल तर थ्री-फेज मोटर व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री-फेज देणारं, वेग कमी-जास्त करणारं यंत्र) चालवा, फक्त मोटरच्या पाटीवर डेल्टा जोडणीला २३० व्होल्ट लिहिलंय ना, ते दुकानातच बघून घ्या. पाणी पाजलेलं पातं घासताना वेग कमी ठेवा, हातमोजे घालू नका आणि दर फेरीला पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसायला लागला की थांबायचं हे आपसूक कळतं. कडेला निळी झाक आली तर तिथलं पाणी उतरलं असं समजा.

रबर ७० शोअरच्या (रबराच्या कडकपणाचं माप) आसपासचं, खाचा नसलेलं घ्या. खाचांचं चाक भराभर माल काढतं, पण पात्यावर त्याच्या लाटा उमटतात आणि त्या काढता काढता संध्याकाळ होते. तयार व्हील घेणार असाल तर नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा, बेअरिंग आणि पट्टेही तिथेच मिळतील. लेथवाल्याकडून बनवून रबर चढवून घेणार असाल तर दोन गोष्टी बजावून सांगा. एक, रबर चढल्यावर चाक स्वतःच्या बेअरिंगवर फिरवून त्याचं तोंड घासायचं आणि डायल गेज लावून ते डुगडुगत नाही हे दाखवायचं. दोन, तोंड सपाटच ठेवायचं. टर्नर मंडळी सवयीने मधे फुगवटा देतात, पण तो फुगवटा पट्टा जागेवर ठेवणाऱ्या ट्रॅकिंग व्हीलला लागतो. कॉन्टॅक्ट व्हीलला दिला तर पात्यावर उतार एकसारखा येत नाही.

मुठीजवळच्या बोटाच्या खाचेसाठी पुढे कधीतरी १ इंची छोटं चाक लागेल. त्याला आत्ताच पैसे घालू नका, मुठीला गोल कानस चालते. घ्याल तेव्हा पट्टा सावकाश चालवा, कारण १५ मीटरच्या वेगाला ते चिमुकलं चाक मिनिटाला ११ हजारांवर फेऱ्या घेतं आणि बेअरिंग हात लावू देत नाही इतकं तापतं.

ट्रेकच्या चाकूचा आराखडा कागदावर काढून झाला असेल, तर उताराची उंची मोजून खाली लिहा. फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी आपण दोघे मिळून आकडे पडताळून बघू.