घर की जिम? आधी सॅक भरून बघा

प्रश्न : वय ४३, दिवसभर खुर्चीतलं काम. मागच्या वर्षी जिमची पूर्ण वर्षाची फी भरली, दोन महिने गेलो आणि सुटलं. आता घरीच ट्रेडमिल आणि डंबेल्स आणावेत म्हणतो. बायकोचं म्हणणं, पुन्हा पैसे पाण्यात जाणार. काय करावं?

उत्तर : जिम कशामुळे सुटलं ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. व्यायामाचाच कंटाळा आला असेल तर घरी तो आणखी लवकर येईल. तिथे तर ‘आज नको’ म्हणायला उठावंही लागत नाही. जाण्यायेण्याने सुटलं असेल तर घर बरं. माझं तसंच झालं होतं. पस्तीस मिनिटांच्या व्यायामापायी जाणं, कपडे बदलणं, मशीन रिकामं व्हायची वाट बघणं, परत येणं, असे पावणेदोन तास मोडायचे.

घरी मी ५ किलोच्या डंबेल्सची जोडी आणली. दीड महिन्यात ती हलकी वाटू लागली, तरी मी तीच उचलत बसलो. ताकद वाढवायची तर ओझं हळूहळू वाढत जायला हवं. जिममध्ये एक चकती चढवली की झालं, घरी ती सोय आपणच करायची. शेवटी मुलीची जुनी सॅक काढली. तळाला पुस्तकं, वर पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या. एक बाटली म्हणजे एक किलो, हिशेबाला सोपं. सॅक छातीशी धरून स्क्वॉट्स, म्हणजे उठाबशा, खाली जाताना तीन आकडे मोजायचे. पाय थरथरतात, बघा.

घरच्या व्यायामात हमखास राहून जाते ती पाठ. पुश-अप्समध्ये शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन हातांवर येतं, छाती-दंडांना तेवढं पुरतं. पण ओढण्याचं काम होतच नाही, आणि खुर्चीत पोक काढून बसणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून सॅक पोटाकडे ओढायची. मी पाठ गोल करून ओढत होतो, टोकायला कुणी नव्हतं. आठवडाभर कंबर धरली होती.

म्हणून एकच महिना जिम लावा, वर्षाची फी नकोच. ट्रेनरकडून स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचं ओझं पाठ सरळ ठेवून उचलणं) आणि रोइंग (सॅकचं सांगितलं तसं वाकून ओढणं) एवढं नीट शिका, बाजूने मोबाईलवर शूटिंग करून ठेवा. मग खुशाल घरी करा. जड बारबेलचा बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून चकत्या लावलेला बार छातीवरून वर ढकलणं, तेवढा घरी एकट्याने नको, बार छातीवर अडकला तर उचलायला कुणी नसतं. बीपी किंवा छातीची काही तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ट्रेडमिल राहू द्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. ते १५० तर झपझप चालूनही होतात. दोन दिवस सॅकचे. तीन महिन्यांनी तिच्यात किती बाटल्या मावतात ते कळवा, डंबेल्सचं तेव्हा ठरवू.