आजी आठवते, पण दवाखान्यातलीच

माण तालुक्यातली २६ वर्षांची मुलगी, आजीनंच वाढवलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आजी जाऊन चार महिने झाले होते. "आजी म्हणलं की ऑक्सिजनची नळीच दिसती. चांगलं काही आठवतच नाही. माझी मायाच कमी पडली का?" आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली कितीतरी मुलं हेच विचारतात.

माया कमी पडलेली नसते. शेवटच्या दिवसांत जागरण आणि भीती असते. भीतीत पाहिलेलं मनात घट्ट बसतं, आणि रानातले एकसारखे हजारो दिवस त्यामागे झाकले जातात. म्हणून आधी ते दवाखान्याचे दिवस एका विश्वासातल्या माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायचे, मधलं काही न गाळता. गाळलेलंच रात्री-अपरात्री डोकं वर काढतं.

मग आजीच्या बरोबरीच्या बायका गाठायच्या. जाऊ, नणंद, भांगलणीला शेजारची पात धरणारी. "आजी कशी होती?" विचारलं की "देवमाणूस होती" म्हणतात आणि बोलणं खुंटतं. त्यापेक्षा काम विचारावं. हुलग्याचं बी राखेत ठेवायची की नुसतं मडक्यात? सालं कुणाच्या ध्यानात नसतात, म्हणून खुणा द्याव्यात. कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा ती नांदायला आली होती का? बहात्तरच्या दुष्काळात कडेवर कोण होतं? माउलींची पालखी फलटणला आली की दर्शनाला कुणाबरोबर जायची? एका बैठकीला अर्धा तास आणि दोन-तीन प्रश्न पुरे, तेही शेंगा फोडताना. हात कामात असले की बोलणं मोकळं होतं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून.

सगळ्या भावकीला एकत्र बसवून हे कधीच करू नये. बोलणं "शेवटी कुणी केलं" यावर आणि तिथून वाटणीवर जातं.

या मुलीनं आजीचं खुरपं चुलत आजीच्या हातात दिलं. मुठीला कायम चिंधी गुंडाळलेली असायची, का ते तिला माहीत नव्हतं. चुलत आजी म्हणाली, "दुष्काळात खडी फोडताना अंगठ्यावर हातोडा बसला. तवापासनं बारीक मूठ धरवत न्हवती तिला." त्यावर मुलीला आपसूक आठवलं, की बांधावर जेवताना आजी भाकरी त्याच हातानं, अंगठा न वाकवता मोडायची आणि वरचा पापुद्रा आधी नातीला द्यायची. नळी दिसायची थांबली नाही, पण तिच्या आधीचे दिवसही येऊ लागले.

सहा महिन्यांनंतरही जेवण, झोप, काम विस्कटलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. "आपणही जावं" असं मनात आलं तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वडील यात गप्प राहिले तर खोदून विचारू नका. त्यांची आई गेलीय. रेकॉर्डिंग घरात लावा, ऐकायचं की उठून जायचं ते त्यांना ठरवू द्या.