रक्तातील क्रोमोग्रॅनिन ए (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींतून स्रवणारे प्रथिन) वाढलेले आले, तर लहान आतड्याचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (अशाच पेशींपासून होणारी गाठ) आहे असे समजावे का?

नाही, केवळ या रक्ततपासणीवरून ते निदान होत नाही. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीसाठी महिनोन्महिने घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांमुळे जठरातील आम्ल कमी होते, त्याला प्रतिसाद म्हणून गॅस्ट्रिन (आम्ल स्रवायला लावणारे संप्रेरक) वाढते आणि त्यामुळे जठरातील काही पेशी क्रोमोग्रॅनिन ए अधिक प्रमाणात स्रवू लागतात, त्यामुळे गाठ नसतानाही हा आकडा कित्येक पटींनी वाढलेला दिसू शकतो. डॉक्टरांच्या संमतीने या गोळ्या साधारण 2 आठवडे बंद ठेवून तपासणी पुन्हा करणे योग्य ठरते. या गोळ्यांची चौकशी आधी न होता रुग्णाला धास्ती बसते, याचे मला फार वाईट वाटते. मूत्रपिंडाच्या विकारातही हे प्रमाण वाढते.

वारंवार जुलाब होत असतील आणि चेहरा अचानक लाल होत असेल, तर 24 तासांच्या लघवीतील 5-एचआयएए (अशा काही गाठी स्रवतात त्या सेरोटोनिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) मोजतात. त्याआधी सुमारे 3 दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड टाळावे लागतात.

खरा निर्णय बायोप्सीवर, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीवर होतो. त्या तुकड्यात सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन ही अशा पेशींची ओळख पटवणारी प्रथिने तपासतात, तसेच केआय-67 या निर्देशांकावरून, म्हणजे वाढीच्या अवस्थेतील पेशींच्या टक्केवारीवरून, गाठीची श्रेणी ठरवण्यास मदत होते: 3 टक्क्यांहून कमी असल्यास पहिली, 3 ते 20 टक्के असल्यास दुसरी, त्याहून अधिक असल्यास तिसरी. गाठ कुठे आणि किती पसरली आहे, हे पाहण्यासाठी गॅलियम-68 डोटाटेट पेट-सीटी (अशा गाठींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेले स्कॅन) उपयुक्त असते. निदान पक्के झाल्यावर मात्र उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी क्रोमोग्रॅनिन ए वेळोवेळी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, मोजता येते.