साड्यांच्या दुकानात बायका नुसत्या बघून जातात, त्यांना घ्यायला कसं लावायचं?

"घ्यायला लावायचं" ह्या शब्दावरच अडकले म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथे फक्त वाचते. तुम्ही लिहिलंय की दिवसाला वीस-पंचवीस बायका येतात, ढीगभर साड्या उलगडायला लावतात आणि 'बघून येते' म्हणून जातात त्या जातातच. हेच वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे २००९ पासून ऐकतेय, फक्त ते माझे सासरे म्हणायचे आणि पुढे 'टाइमपास करायला येतात' हे पण जोडायचे.

आमचं दुकान सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावात, पेठेत. रुंदी दहा फूट आणि आत बोळासारखं लांब, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, मध्ये गादी. आरसा नाही. साडीच्या दुकानात आरसा नाही! मी म्हणलं अण्णा एक आरसा लावूया, तर म्हणाले दोन फूट भिंत गेली म्हणजे शंभर साड्यांची जागा गेली, आपल्याला आरसा विकायचाय का. मग बायका काय करायच्या, पदर खांद्यावर टाकून शेजारच्या मेडिकलच्या काचेत बघून यायच्या. आणि दुसरं म्हणजे रंग. आत पांढऱ्या ट्यूब, त्यात डाळिंबी साडी मरून रंगाची दिसते, मोरपंखी कधी निळी कधी हिरवी, आणि धूपछाव (दोन रंगांच्या धाग्यांची, हलली की रंग बदलणारी) असेल तर विचारूच नका.

एकदा अशाच सासू-सून आल्या, सुनेचं डोहाळजेवण, त्यामुळे हिरवीच पाहिजे. अण्णांनी तीसेक हिरव्या टाकल्या गादीवर (ही पण चूकच, सांगते पुढे). पोरीला एक आवडली पण ती रामा ग्रीन आहे का बॉटल ग्रीन हे कळेना, म्हणून साडी घेऊन उठली, म्हणाली जरा उजेडात बघते. अण्णा गादीवरूनच म्हणाले, "बाहेर न्यायची नाही, घ्यायची असेल तर घ्या." सहा-सात महिन्यांची गरोदर बाई, साडी घेऊन पळणार होती का? सासूबाईंनी पिशवी उचलली, बघून येतो म्हणाल्या आणि मी पाऊण तास घड्या घालत बसले. नंतर एका हळदीकुंकवाला ती मला भेटली, तीच साडी नेसलेली. माल सगळ्यांचा सुरतचाच, समोरच्या पेठेतल्या दुकानात मिळाली, दीडशे रुपये जास्त देऊन घेतली आणि हसून म्हणाली तिथे आरसा आहे हो. पुढच्या वर्षी तिच्या नणंदेचा अख्खा बस्ता तिथेच बांधला, मानपानाच्या साड्यांसकट.

मी मग काय केलं, माहेरहून आलेल्या माझ्या ड्रेसिंग टेबलचा आरसा सुताराकडून काढून घेतला आणि अण्णा पंढरपूरला गेलेले त्या दोन दिवसांत दुकानात लावला, दारापाशी, म्हणजे उजेड आणि आरसा एकाच जागी. आल्यावर चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि नंतर विक्री वाढली तर म्हणे नवीन बोर्डामुळे वाढली! आमचे हे दोन्हीकडे मान डोलावतात. अजूनही पाहुण्यांसमोर विषय निघाला की बोर्डच. म्हणून इथे लिहून ठेवते, आरशामुळे वाढली.

बरं तुमचं. तीस साड्या टाकू नका. आल्याआल्या 'रेंज काय' विचारू नका, कुणासाठी आणि कशासाठी ते विचारा. स्वतःला नेसायची वेगळी आणि आहेरात द्यायची वेगळी, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार दाखवा, नको म्हणलेली लगेच उचलून मागे टाका, नाहीतर शेवटी सगळ्या सारख्याच दिसायला लागतात. खांद्यावर टाकून द्या, गादीवर पडलेली साडी कुणालाच शोभत नसते. किंमत सरळ आकड्यात लिहा. आकड्यांऐवजी अक्षरांत भाव लिहायचे ते कोड तुमच्या खरेदीच्या भावासाठी ठेवा, बाईला भाव विचारायची लाज वाटली तर ती न विचारताच जाते. फोटो काढू द्या, बहिणीला पाठवून विचारायचं असतं तिला, अण्णांना वाटायचं मोबाइलवर भाव लावून बघतात. बघतात पण, बघू देत. बरोबर आलेल्या नवऱ्याला दाराशी स्टूल द्या, तो उभा राहून कंटाळला की तीच घाई करून उठते.

आणि 'बघून येते' म्हणलेल्या सगळ्या गेलेल्या नसतात हो. २०२३ ला अधिक श्रावण होता, तेव्हा बस्त्याचं कुणी नाव काढत नव्हतं, लेक-जावयाला धोंड्याचं द्यायचं तेवढी खरेदी. पण त्या महिन्यात नुसत्या बघून गेलेल्यांपैकी कितीतरी जणी तुळशीचं लग्न झाल्यावर आल्या, आणि 'ती कोपऱ्यातली वांगी रंगाची आहे का अजून' असं विचारत आल्या. तेव्हापासून मी वहीत लिहून ठेवते कुणाला काय आवडलं ते.

आता हे सगळं साडीपुरतं, किराणा वगैरेला मी सांगू शकत नाही. आणि खोटं कशाला बोलू, बाहेर उजेडात नेऊ द्यायला लागल्यापासून एक साडी गेली आमची, इरकल, आणि अण्णांना ती तारखेसकट पाठ आहे. काही जणी खरोखरच टाइमपासला पण येतात, दुपारी आमच्या पंख्याखाली बसायला. त्यांना पाणी द्यायचं, दुसरं काय.

तुमच्या दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं नाहीये. पश्चिमेला असेल तर आरसा बरोबर दारासमोर नका लावू, चारनंतर ऊन थेट डोळ्यात येतं, आम्हाला तो सरकवून परत लावायला लागला आणि त्याचा एक कोपरा तडकला तो तसाच आहे.