उंचवट्याला नाव देण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा आलेख पाहिला. पायॉन (एक हलका कण) आणि जे/साय (चार्म आणि प्रतिचार्म क्वार्कांचा बांधलेला कण) यांच्या एकत्रित वस्तुमानात 4.02 जीईव्हीपाशी (जीईव्ही हे ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक) उंचवटा आहे खरा. आनंद हो, पण त्याला कण म्हणायची घाई करू नकोस.

वाय(4260) या अशाच एका उंचवट्याचं काय झालं बघ. 2005 साली अमेरिकेत, स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेतल्या बाबार प्रयोगात तो दिसला. तिथे इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवत. टक्कर व्हायच्या आधीच इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉनने फोटॉन फेकला की टक्करीसाठी उरलेली ऊर्जा कमी होते, आणि यंत्राची ऊर्जा न बदलता मोठा पट्टा तपासता येतो. त्यातच दोन पायॉन आणि जे/साय 4.26 जीईव्हीला उसळलेले दिसले. एवढा जड चार्मोनियम (चार्म-प्रतिचार्मची जोडी) सहज डी मेसॉनांच्या (एक चार्म किंवा प्रतिचार्म असलेल्या कणांच्या) जोडीत फुटायला हवा. हा काही तसा फुटताना दिसेना. सगळे हॅड्रॉन (क्वार्कांनी बनलेले कण) मिळून मोजले तर त्या ऊर्जेला चक्क खळगा! मग 2017 मध्ये बीजिंगच्या बेस-3 गटाने ऊर्जा पायरीपायरीने बदलत बारकाईने मोजमाप केलं, तेव्हा तिथे एक नव्हे, दोन रचना निघाल्या: 4.22 आणि 4.32च्या आसपास. बाबारचं काम चोखच होतं. एवढा बारकावा दिसावा इतक्या घटना मात्र त्यांच्या हाती नव्हत्या.

आता तुझ्या आलेखाकडे येऊ. जे/साय म्यूऑनांच्या जोडीत फुटतो, म्हणून म्यूऑनजोडीचं वस्तुमान जे/सायच्या 3.097 जीईव्हीच्या जवळ असलेल्या घटना तू ठेवतेस. त्याच निवडीने त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या घटना घे, जिथे जे/साय नाही. उंचवटा तिथेही उठला, तर विषय संपला. दुसरं म्हणजे प्रत्येक घटनेत पायॉन दोन, म्हणून जोड्याही दोन. एकीतल्या खऱ्या शिखराची सावली दुसरीत पडते. 2013 मध्ये पायॉन आणि जे/साय यांत फुटणारा झेडसी(3900) हा कण शोधताना बेस-3ने प्रत्येक घटनेतली जास्त वस्तुमानाची जोडी घेतली होती. चार्म आणि प्रतिचार्म मिळून भार शून्य होतो, आणि हा कण तर विद्युतभारित. म्हणजे त्यात किमान चार क्वार्क हवेत. एवढा मोठा दावा टिकला तो जपानच्या बेल प्रयोगालाही तोच कण दिसला म्हणून.

मला सगळ्यात जास्त काळजी उंबरठ्याची वाटते, म्हणजे कणांची एखादी जोडी तयार होऊ शकते त्या किमान ऊर्जेची. दोन डी-स्टार मेसॉनांच्या (डीच्या जरा जड रूपांच्या) वस्तुमानांची बेरीज 4.02च्या अगदी लगत येते, आणि अशा जागी नुसत्या उंबरठ्यामुळेही उंचवटा उठू शकतो. 2003 मध्ये बेलला सापडलेला एक्स(3872) असाच डी आणि डी-स्टारच्या बेरजेला चिकटून आहे, आणि त्याच्या रचनेवरचा वाद अजून मिटलेला नाही. ब्राइट-विग्नर वक्र (अल्पायुषी कणाच्या शिखराचा नेहमीचा आकार) कुठल्याही टेकाडावर बऱ्यापैकी बसतो. तो बसला म्हणून छातीठोकपणे काही सांगू नकोस. आधी आलेखावर उंबरठ्याची उभी रेघ मार, उंबरठ्याच्या परिणामाचं सूत्र घेऊन तोच विदा पुन्हा जुळवून पाहा, आणि बाजूच्या पट्ट्यांच्या आलेखासकट दोन्ही निकाल मला पाठव. उंचवटा निव्वळ योगायोग नसल्याची खात्री सांगणारा सिग्माचा आकडा तोवर काढूही नकोस.