फॉर्म १६ चुकला असेल तर कंपनीकडून २४क्यू हे विवरणपत्र दुरुस्त करून घ्या

तुमच्या फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या वर्षभराच्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात, पगाराचा आकडा स्लिपांच्या बेरजेपेक्षा ७५,००० रुपयांनी जास्त दिसतोय आणि एचआर म्हणतंय, "आहे तसंच रिटर्न भरून टाका." तसं अजिबात भरू नका. न मिळालेल्या पैशावर तुम्ही कर का भरायचा?

पण त्यांच्याशी वाद घालण्याआधी एक संध्याकाळ काढा. एप्रिल ते मार्चच्या बाराही स्लिपा समोर घ्या, मूळ पगार, घरभाडे भत्ता, बोनस अशी ओळवार बेरीज करा आणि पार्ट बी (फॉर्मचा पगाराचा तपशील असलेला भाग) मधल्या कलम १७(१) च्या, म्हणजे पगाराच्या रकमेशी ताडून बघा. बँकेत जमा झालेला आकडा धरू नका, त्यातून पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस (पगारातून कापलेला आयकर) आधीच गेलेला असतो. फरक बोनसच्या ओळीत निघाला तर जरा थांबा. मार्चमध्ये देय झालेला बोनस एप्रिलमध्ये खात्यात आला असेल तर कंपनीचं बरोबर आहे. पगार देय होणं आणि हातात पडणं, यातलं जे आधी घडेल त्या वर्षात तो धरतात.

माझ्या बाबतीत खरंच चूक होती. मी फेब्रुवारीत नोकरी सोडली, व्हेरिएबल पेची (कामगिरीनुसार मिळणाऱ्या पगाराची) तरतूद पेरोलमध्ये तशीच राहिली आणि कधीच न मिळालेली रक्कम फॉर्मवर आली. तक्रार केल्यावर दोन दिवसांत सही-शिक्क्यासह 'सुधारित' फॉर्म आला. मी निश्चिंत झालो. आयकर खात्याच्या पोर्टलवर रिटर्न उघडलं तर पगाराच्या रकान्यात जुनाच आकडा! कंपनी दर तिमाहीला टीडीएसचं विवरणपत्र भरते, ते म्हणजे २४क्यू. वर्षभराच्या पगाराचा तपशील चौथ्या तिमाहीच्या विवरणपत्रात जातो आणि आयकर खातं तोच वाचतं. नुसता कागद बदलून काहीच होत नाही.

म्हणून ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: "चौथ्या तिमाहीच्या २४क्यूचं दुरुस्ती विवरणपत्र भरा आणि ट्रेसेसवरून नवा फॉर्म १६ काढून द्या." ट्रेसेस म्हणजे आयकर खात्याचं टीडीएससाठीचं पोर्टल. सोबत ओळवार तक्ता आणि स्लिपा जोडा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर ईमेल कराच. नवा फॉर्म आला की वरची 'लास्ट अपडेटेड ऑन' ही तारीख बघा. ती जुनीच असेल तर दुरुस्ती झालेली नाही.

कंपनीने दादच दिली नाही तर ३१ जुलै चुकवू नका. खऱ्या पगाराच्या आकड्यानेच रिटर्न भरा. एआयएसमध्येही (खात्याकडे असलेल्या तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदीत) चुकीचा आकडा दिसत असेल तर त्या नोंदीवर 'माहिती बरोबर नाही' असा अभिप्राय द्या. आकडे जुळत नाहीत म्हणून खात्याकडून सूचना येऊ शकते. घाबरू नका, मुदतीत उत्तर द्या. 'असहमत' निवडून कारण लिहा. स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि एचआरला केलेले ईमेल तेव्हा हाताशी हवेत, म्हणून कंपनीचा मेलबॉक्स बंद होण्याआधी सगळं स्वतःकडे उतरवून घ्या. मी हे केलं नव्हतं, आणि जुन्या स्लिपा मिळवताना नाकी नऊ आले.

२६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची नोंद) सुद्धा आत्ताच उघडून बघा. पगारातून टीडीएस कापला पण सरकारकडे भरलाच नाही, असंही होतं. कलम २०५ नुसार कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही, आणि अशी मागणी सक्तीने वसूल करू नका असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्रात अधिकाऱ्यांना कळवलंय. तरी पोर्टलवर मागणी दिसू शकते. मग कर कापल्याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो, आणि तो स्लिपेवरच्या टीडीएसच्या ओळीतच असतो.